कोणाच्या हातची

बुधवारी दुपारी बारा वाजून गेले की शोभाबाईच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज वाजायचा, आणि सुरतेच्या डिंडोलीतल्या तिच्या पुढच्या खोलीत बसलेल्या बायांचे हात जागच्या जागी थांबायचे. कोणाच्या बोटाच्या टोकावर गोंदाचा थेंब घेऊन बसलेला खडा, कोणाच्या दातांत धरलेला रेशमी दोरा, कोणाच्या मांडीवर अर्धी उलगडलेली साडी. खोलीभर राणी, मोरपंखी, हळदी रंग सांडलेले, आणि त्या रंगांच्या मधोमध आठ बाया गप्प.

"कितला व?" अनुसयाबाई विचारायची. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून विचारायचा मान तिचा.

त्या बुधवारी आकडा आला बारा हजार चारशे वीस. आठवड्यात साड्या गेल्या होत्या चाळीस. साडीमागे घरहाटकडून यायचे पाचशे चाळीस. त्यातले तीनशे कोऱ्या साडीचे, लेसचे, खड्यांचे बाजूला काढायचे आणि उरलेले दोनशे चाळीस जिने ती साडी नटवली तिच्या हातावर ठेवायचे. म्हणजे हे पैसे तेवीस साड्यांचे झाले. पण कोणत्या तेवीस? बाकीच्या सतरा कुठे राहिल्या? मेसेज त्यावर काही सांगत नव्हता. आकडा नुसता येऊन उभा राहायचा, नाव न सांगणाऱ्या पाहुण्यासारखा.

घरहाट म्हणजे सुरतेतल्याच काही तरुण पोरांनी काढलेला ऑनलाइन बाजार. घरी बसून माल करणाऱ्यांनी फोटो टाकायचे, देशभरातून गिऱ्हाईक यायचं, कुरिअरवाला दारातून पाकीट न्यायचा. दीड वर्षापूर्वी शोभाबाईने त्यावर खातं उघडलं. तोवर या आठही जणी पर्वत पाटियाजवळच्या मार्केटमधल्या एका शेठचं काम करायच्या: साडीवर खडे चिकटवायचे, साडीमागे अठ्ठावीस रुपये. पुढे ती साडी कोण नेसलं, केवढ्याला घेतली, शेठला माहीत. शोभाबाई म्हणाली, खडा आपण लावतो, मग साडीही आपणच विकू. बाया तिच्या शब्दावर आल्या. खातं तिच्या नावाचं, बँक तिची, मोबाइल तिचा.

आणि आता तेच आड येत होतं.

"मावशी," सुषमा त्या बुधवारी म्हणाली, दोरा तोडता तोडता, वर न बघता, "आपली साडी इथून आसामला बरोबर पोहोचते. पैसाच तेवढा तिकडून येता येता कुठेतरी उतरून जातो."

बोलली हसत. हसलं कोणीच नाही.

सुषमाच्या कानात कोण फुंकर घालतं ते शोभाबाईला माहीत होतं. शेठचा माणूस, वाल्मिक, हल्ली दर दोन दिवसांनी स्कूटर घेऊन गल्लीत यायचा. तोही खान्देशातलाच, चोपड्याकडचा, म्हणून उंबऱ्यावर बसून पाणी मागायचा त्याला हक्क. श्रावणाच्या साड्यांसाठी शेठला हात हवे होते. शनिवारी रोख, गल्लीत आणून देतो, म्हणाला. अमावास्येच्या आत हो की नाही सांगा, नंतर दुसऱ्या बाया बघेन. आणि जाता जाता, जसं काही आठवलंच, तसं म्हणाला की खातं एकाच बाईच्या नावावर असलं की बाकीच्यांनी डोळे मिटून चालायचं असतं.

सात जणी शेठकडे गेल्या तर एकटी शोभाबाई आठवड्याला चाळीस साड्या कुठून करणार होती? पण तिला खरी भीती त्याची नव्हती. या बाया तिच्या गावच्या, नात्यागोत्याच्या. कोणाच्या बाळंतपणाला ती रात्रभर बसली होती, कोणाच्या लग्नात तिने हळद दळली होती. त्या गेल्या तर "शोभाबाईने आमचं खाल्लं" एवढं वाक्य मागे ठेवून जाणार होत्या, आणि ते वाक्य अमळनेरपर्यंत पोहोचायला एसटीची वाट बघत नाही.

आणि खाल्लं तर नव्हतंच, उलटंच होतं. एखादी साडी गिऱ्हाइकाने परत केली की पुढच्या बुधवारच्या आकड्यातून घरहाट ते पैसे कापून घ्यायचं. कोणत्या साडीचे कापले ते कळायचं नाही. मग कोणाच्या मजुरीतून वजा करायचे? अंदाजाने कोणा एकीच्या ताटातला घास काढायचा तिला धीर व्हायचा नाही. ती आपल्याच वाट्यातून घालायची आणि गप्प बसायची. हे फक्त चिंधाला, तिच्या नवऱ्याला माहीत होतं. तो पांडेसऱ्याला सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, होता. कापडाच्या यंत्राशेजारी तीस वर्षं काढल्याने ऐकायला कमी यायचं, पण बायकोची पाकीट मोजणारी बोटं तो लांबूनही ओळखायचा.

"कितला दिन भरशी तू?" त्याने विचारलं.

"जितला व्हई तितला."

"आनि मंग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बस पकडून वेसूला गेली.

घरहाटचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं, सगळ्या भिंती काचेच्या. तिथला मोठा साहेब मंदार. वडील बँकेत नोकरीला म्हणून तो लहानपणापासून सुरतेत वाढलेला, मराठी मात्र पुण्याच्या पुस्तकातली. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं: साडी पोहोचली की सात दिवस परत करण्याची मुदत, ती संपली की पुढच्या बुधवारी पैसे, परत आलेल्यांचे त्यातून वजा.

"सगळं नियमाप्रमाणेच होतं, शोभाताई."

"होत असेल साहेब," ती म्हणाली. "पण तो नियम तुमच्या या काचेच्या आत राहतो. माझ्या घरी नुसता आकडा येतो. त्याला मी विचारते, तू कोणाचा? तर तो बोलत नाही. आणि सात बाया मला विचारतात, तर मला बोलावं लागतं."

मंदारच्या बाजूच्या टेबलावरची एक पोरगी काम थांबवून ऐकत होती. तिचं नाव योगिता. नंदुरबारकडची, तिचा बापही उधन्याला सांच्यावर. दोन महिन्यांपासून ती नेमकं हेच करत होती: विकणाऱ्याला आपली प्रत्येक ऑर्डर कुठे आहे, तिचे पैसे कधी येणार, किती कापले आणि का, हे एका पानावर दाखवणारा डॅशबोर्ड. दिवाळीनंतर बघू, असं वरून ठरलं होतं. त्या सकाळनंतर दिवाळीची वाट बघायची गरज राहिली नाही. मंदार योगिताला म्हणाला, कर सुरू, आधी यांच्याच खात्यावर करून बघ.

"मावशी, आठ दिवस द्या," योगिता तिला जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली. मग आवाज खाली आणून, घरच्या बोलीत, आपल्या आईबद्दल: "मनी मायबी खडाच लावस."

आठव्या दिवशी मोबाइलवर तो फळा आला. डॅशबोर्ड हा शब्द त्या खोलीत एक दिवसही टिकला नाही. अनुसयाबाईने त्याला फळा म्हटलं आणि तो फळाच झाला. एका ओळीत एक साडी: बांधली, निघाली, पोहोचली, मुदत चालू, पैसे अमुक बुधवारी. आठ डोकी एका मोबाइलवर वाकली. मोरपंखी साडी सिलचरला पोहोचली होती. हळदी रतलामला. राणी रंगाची एक कोल्हापुरात, आणि तिचे पैसे येत्या बुधवारी. उज्ज्वला, सगळ्यांत धाकटी, लग्न होऊन तीन वर्षं झालेली, तिने विचारलं की सिलचर कुठे येतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. पण आपल्या बोटाने लावलेला खडा तिथे कोणाच्या खांद्यावर चमकतोय, हे कळल्याने तिचा चेहरा असा झाला की जणू तिचंच कोणी तिकडे नांदायला गेलंय. अनुसयाबाईने गोंदाची बाटली उचलली आणि गुणगुणायला लागली,

खडा लावते लावते, पदराच्या काठोकाठी,
नाही पाहिली ती बाई, पदर हा जिच्या पाठी.

शोभाबाईला वाटलं, सुटलो.

बुधवारी पैसे आले. फळ्यावर या वेळी प्रत्येकीच्या नावापुढे तिचा आकडा होता, कारण योगिताने मन लावून आणखी एक सोय केली होती. घरहाटवर प्रत्येक डिझाइन जिने पहिल्यांदा केलं तिच्या नावाने टाकलेलं होतं: सुषमा गोंडा, उज्ज्वला लेस, अनुसया बुट्टी. योगिताने त्या त्या नावाखाली त्या त्या साड्या जमा केल्या होत्या.

सुषमा सतरा साड्या, चार हजार ऐंशी. उज्ज्वला दोन साड्या, चारशे ऐंशी.

उज्ज्वलाने ते दोनदा वाचलं. मग मांडीवरची साडी घडी करून बाजूला ठेवली. महिनाभर तिच्या बोटांची सालं निघत होती, हे खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मना हातनं काम, आनि पैसा तिना?"

सुषमा म्हणाली की फळा काय तिने लिहिलाय का. उज्ज्वला म्हणाली, नाही, पण वाचताना तर तोंड गोड झालं ना. एकीने दुसरीची सासू काढली, दुसरीने पहिलीचं माहेर. शोभाबाई मध्ये पडली तर सुषमाने तिलाच विचारलं, की इतके दिवस तुम्ही अंदाजाने वाटत होता, तेव्हा माझ्या सतरांचे पैसे कोणाला जात होते ते सांगा आधी. उज्ज्वलाने आपली खड्यांची डबी उचलली, चपला घातल्या आणि निघून गेली. तिच्या मागोमाग आणखी दोघी. अमावास्येला आठ दिवस होते.

जो फळा शोभाबाईने मागून घेतला, त्यानेच घर मोडलं. संध्याकाळी ती स्वयंपाकाला उठली. पिठाचा डबा उघडला तर तळ दिसत होता, म्हणून सवयीने वाटी घेऊन शेजारी अनुसयाबाईकडे गेली. अनुसयाबाईने न विचारता वाटी भरली, वर हाताने दाबून पीठ बसवलं. परत येताना शोभाबाई दारातच थांबली. वाटीकडे बघत राहिली.

सुषमाचा गोंडा लोकांना आवडला, म्हणून त्याच्या ऑर्डरी धो धो आल्या. सुषमाला दोन हात. तिची साडी तयार नसली आणि कुरिअरवाला दारात हॉर्न मारत असला की शोभाबाईच म्हणायची, उज्ज्वला, तुझ्याजवळ तसाच गोंडा केलेली आहे ना, दे टाकून, नंतर बघू. उज्ज्वला द्यायची. कधी अनुसयाबाई द्यायची. कधी सुषमाची साडी दुसरीच्या पाकिटात जायची. वाटीभर पीठ द्यावं तशी साडी द्यायची, हातउसनी. आणि पिठाच्या वाटीची चिठ्ठी कोण लिहितं? ज्या घरात ती लिहिली जाते, त्या घरी पुन्हा वाटी घेऊन कोणी जात नाही.

फळा खोटं बोलत नव्हता. बायाही खोटं बोलत नव्हत्या. फळ्याला उसनं देणं-घेणं माहीत नव्हतं, एवढंच.

तिने चिंधाला सांगितलं. त्याने हातातली भाकरी संपवली. मग म्हणाला की सांच्यावर कापड निघालं की तो नुसता हात फिरवून सांगू शकतो, हे दिवसपाळीचं की रातपाळीचं, कारागिराचा हात लपत नाही. तुमच्या साड्या तर डोळ्यांनी दिसतात.

दिसतात. आणि त्यांचे फोटोही होते. पाकीट बंद करायच्या आधी उघड्या साडीचा फोटो काढायचा, हा घरहाटचा नियमच होता, गिऱ्हाइकाने फाटकी आली म्हणून भांडू नये म्हणून. सहा आठवड्यांचे दोनशे चाळीस फोटो तिच्या मोबाइलमध्ये पडून होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः उज्ज्वलाच्या दारात गेली. तू माझी माफी नको ऐकूस, म्हणाली, फक्त फोटो बघ आणि तुझ्या हातच्या साड्या तू ओळख. नाही ओळखता आल्या तर जा शेठकडे, मी अडवणार नाही. उज्ज्वला आली, पण दारापाशीच बसली. बाकीच्या दोघीही आल्या. सुषमा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून.

लखनने, शोभाबाईच्या थोरल्या मुलाने, कामावर जायच्या आधी मोबाइल टीव्हीला जोडून दिला होता. पहिला फोटो पडद्यावर आला: जांभळी साडी, सोनेरी गोंडे.

अनुसयाबाई उठून पडद्याजवळ गेली.

मग म्हणाली, "हाई मनी शे. खडा डावीकडे कललाय बघा. मी डावखुरी."

दुसरा फोटो. "ही माझी," उज्ज्वला दारातूनच म्हणाली. गोंड्याला ती दोऱ्याचे तीन वेढे द्यायची, बाकीच्या दोन. तिसरा सुषमाचा, लेसचा कोपरा ती दुमडून आत घ्यायची, ते तिला एकटीलाच जमायचं. चौथ्याला दोघींनी एकदम तोंड उघडलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि सुषमा म्हणाली, "तुझी आहे. मी एवढी बारीक गाठ कधी मारली?"

विसाव्या फोटोपर्यंत उज्ज्वला दारापासून खोलीच्या मध्यापर्यंत सरकली होती. पन्नासाव्याला सगळ्या ओरडून सांगत होत्या, शोभाबाईचं लिहिणं मागे पडत होतं. कोणाचा तरी एक गोंडा उलटा लागलेला निघाला, तेव्हा कोणीच तो आपला म्हणेना, आणि अनुसयाबाई हसून हसून आडवी झाली. दोन दुपारी गेल्या. दोनशे चाळीस साड्या जिच्या तिच्या हाताला परत मिळाल्या. सुषमा गोंड्याच्या त्या सतरांतल्या सुषमाच्या हातच्या होत्या सात. सहा उज्ज्वलाच्या, चार अनुसयाबाईच्या. सुषमाने ते ऐकलं, उठून घरी गेली, बुधवारच्या मजुरीच्या आपल्या पाकिटातून उज्ज्वलाच्या सहांचे चौदाशे चाळीस मोजून आणले आणि तिच्या डबीखाली ठेवले. अनुसयाबाईला म्हणाली, तुमचे उद्या.

पण शोभाबाईने त्या दोन दुपारी आणखी एक गोष्ट टिपली होती. फळा सव्वीस साड्या 'परत' दाखवत होता. घरी परत आलेल्या मोजल्या तर एकवीसच.

कागदांची पिशवी घेऊन ती पुन्हा वेसूला गेली. या वेळी ती मंदारसमोर न बसता योगिताच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, मला एक रकाना पाहिजे. पाकीट बांधताना, फोटो काढतो तिथेच: कोणाच्या हातची? आठ नावं, एकावर बोट ठेवायचं. पैसे त्या नावाखाली आले पाहिजेत, कापलेही त्याच नावाखाली. आणि परत निघालेली साडी माझ्या घरात येईपर्यंत तिला 'परत' म्हणायचं नाही.

मंदारला दुसरी गोष्ट लगेच पटली. पहिलीला तो अडला. सोमवारी हा डॅशबोर्ड सगळ्या विक्रेत्यांना द्यायचा होता, म्हणाला. एक खातं म्हणजे एक विक्रेता अशी सगळी रचना. एका घरासाठी ती बदलता येणार नाही.

"एका घरासाठी?" शोभाबाईने विचारलं. "साहेब, तुम्ही मार्केटात कधी उभे राहिलात? या दुकानातलं गाठोडं त्या दुकानाच्या बिलावर जातं, दिवसातून शंभर वेळा. सुरत उसनवारीवरच उभी आहे. तुमच्या काचेतून ते दिसत नसेल, तर फोन करून विचारा कोणालाही."

मंदार चिडला नाही, हे त्याच्या बाजूने म्हटलं पाहिजे. त्याने खरंच फोन लावला, बारडोलीच्या एका गूळवाल्याला. समोरचा माणूस स्पीकरवर एवढ्या जोरात हसला की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. एका नावाखाली आम्हा चार भावांचा गूळ जातो, तो गुजरातीत सांगत होता, आणि दर दिवाळीला आम्ही चौघं एकमेकांची डोकी फोडतो; तुम्ही त्यावर काही काढत असाल तर मी ऑफिसात येऊन पेढे वाटतो. मंदारने आणखी दोन फोन केले. मग योगिताकडे वळला.

"किती दिवस?"

"दोन," योगिता म्हणाली. शोभाबाईच्या लक्षात आलं की पोरीने उत्तर आधीच तयार ठेवलं होतं.

हरवलेल्या पाच साड्याही त्या पोरीनेच शोधल्या. हजीरा रोडवरच्या कुरिअरच्या गोदामात त्या दीड महिना एका कोपऱ्यात पडून होत्या, कोणाच्याच गावी नसलेल्या. साड्या घरी आल्या, आणि उशिरापोटी कुरिअर कंपनीने साडीमागे शंभर रुपये वर दिले. ते का दिले, तेही फळ्यावर एका ओळीत लिहिलेलं होतं.

अमावास्या होती गुरुवारी. आदल्या दिवशीचा बुधवार उजाडला. मेसेज वाजला, पण या वेळी कोणाचेही हात थांबले नाहीत, कारण आकडा काय येणार ते सोमवारपासूनच सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. योगिताने प्रत्येकीला आपापली ओळ बघायची सोय करून दिली होती. एकोणीस हजार नऊशे ऐंशी येणार होते. एकोणीस हजार नऊशे ऐंशीच आले. पैशापर्यंत.

सुषमा मात्र मोबाइलवरून डोकं वर काढत नव्हती. तिच्याजवळ एक छोटी वही असायची. मावशीने दर बुधवारी दिलेले पैसे ती त्यात लिहायची, पकडायला म्हणूनच लिहायची. आता ती वही एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात घेऊन तिचे ओठ हलत होते. मग तिने उज्ज्वलाला विचारलं, तुला सहा आठवड्यांत किती मिळाले. मग अनुसयाबाईला. मग एकेकीला.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "परत आलेल्या साड्यांची मजुरी आम्हाला मिळालीय. सगळ्यांना. फळ्यावर ती कापलेली आहे, पण आमच्या हातात ती पूर्ण आली."

शोभाबाई लेस लावत होती. लावत राहिली.

"सव्वीस साड्या. सहा हजार दोनशे चाळीस. हे कोणी दिले?"

चिंधाची त्या आठवड्यात रातपाळी होती, म्हणून तो घरी होता, आतल्या दारात उभा. एरवी कमी ऐकणाऱ्या त्या माणसाला हे नेमकं ऐकू गेलं. "कोन दी?" तो म्हणाला. "घरमा दुसरं कोन शे?"

शोभाबाईने त्याच्याकडे रागाने पाहिलं. सुषमाने वही मिटली. मग उठली, शोभाबाईच्या शेजारी येऊन बसली, तिच्या मांडीवरच्या साडीचं दुसरं टोक आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि लेस लावायला लागली. तिचा कोपरा, आत दुमडलेला. दोघींचे हात एकमेकींकडे सरकत सरकत पदराच्या मध्यावर आले.

"ही कोणाच्या हातची लिहायची?" उज्ज्वलाने विचारलं.

"लिही दोघींची," अनुसयाबाई म्हणाली. "आन त्या योगिताला सांग, दोन नावांवर बोट ठेवता येऊ दे म्हणा."

सव्वीस साड्यांचे पैसे परत घ्यायला शोभाबाई तयार नव्हती. भांडण झालं, सात विरुद्ध एक, आणि ती हरली. दर बुधवारी कोणी दोनशे, कोणी चाळीस, जमेल तसे, प्रत्येकीच्या ओळीतून तिच्या ओळीत. योगिताला सांगून तेही फळ्यावर चढवलं. अनुसयाबाईने तेवढ्यात ओवी जुळवली होती, आणि ती सगळ्यांनी उचलली, गोंद वाळायच्या आत,

आठ हातांची गं साडी, आठ गावाला निघाली,
ज्या त्या हाताची मजुरी, ज्या त्या हाताला लागली.

दुपारी चारच्या सुमाराला वाल्मिकची स्कूटर गल्लीत थांबली. तो उंबऱ्यावर बसला, पाणी प्याला, खोलीतल्या आठही जणींकडे बघून त्याला जरा नवल वाटलं, पण तसं दाखवलं नाही. उद्या अमावास्या, म्हणाला, शेठ विचारतोय. अठ्ठावीसचे तीस करतो म्हणतो. शनिवारी रोख.

शोभाबाईने तोंड उघडलं, पण सुषमा तिच्या आधी बोलली.

"वाल्मिकदादा, शनिवारी शेठ देईल तेवढे येतात. बुधवारी आमचे किती येणार, ते आम्हाला सोमवारीच माहीत असतं."

वाल्मिक म्हणाला की मोबाइलवरच्या आकड्यांनी पोट भरत नाही.

"बरोबर आहे," सुषमा म्हणाली. "म्हणूनच आम्ही पाकिटं बांधतोय. सरकून बसा जरा, कुरिअरवाल्याला दार लागतं."

तो सरकला. कुरिअरवाला आला. श्रावणाच्या ऑर्डरी सुरू झाल्या होत्या. त्या दिवशी एकट्या दुपारची त्रेपन्न पाकिटं. एक एक पाकीट उचललं जायचं, त्याआधी उघड्या साडीचा फोटो, मग विचारायचं, कोणाच्या हातची, आणि खोलीतून उत्तर यायचं, कधी एका गळ्यातून, कधी दोन. वाल्मिक उंबऱ्याच्या कडेला, त्रेपन्न वेळा तो प्रश्न आणि त्रेपन्न वेळा उत्तर ऐकत बसला. शेवटचं पाकीट गाडीत गेलं तेव्हा तो उठला, कपडे झटकले, स्कूटरपर्यंत गेला आणि परत आला.

"शोभामावशी," त्याने हळूच विचारलं, "मनी घरवालीले गोंडा चांगला येस. तुमना फळावर एक नाव बसई का?"

शोभाबाईने हात पुसले. "उद्या अमावास्या आहे," ती म्हणाली. "परवा सकाळी पाठव. आणि येताना तिला सांग, आधी तिच्या हातची एक साडी दाखवायला आण."